रानातील पाचोळा जातो कोठे?

माघ-फाल्गुनापासून सह्याद्रीच्या उतारांवरील पानझडी झाडांची पाने गळू लागतात. वैशाखात ऐन, किंजळ, साग, पळस यांच्या पायथ्याशी घोटाभर पाचोळा साचलेला असतो. कोकणात यालाच पातेरा म्हणतात. दरवर्षी इतकी पाने, फांद्या, फळे, साली आणि अधूनमधून अखंड झाडेही रानात पडत असतात. तरीही रान पाचोळ्याखाली गाडले जात नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच जागी गेले असता वैशाखातील पातेऱ्यापैकी बराचसा भाग नाहीसा झालेला आणि उरलेला जाळीदार, काळपट व ठिसूळ झालेला आढळतो.

रानात कोणी शेणखताच्या गाड्या नेत नाही, खताच्या गोण्या ओतत नाही. असे असूनही तेथील झाडे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात. जे जमिनीतून वर गेले ते पानांच्या रूपाने खाली येते, आणि जागच्या जागी कुजून पुन्हा मुळांच्या हाती लागते, हे त्याचे कारण होय. हे काम करणारे असंख्य जीव आपल्या पायांखाली अहोरात्र राबत असतात. शेतकऱ्याने पावसाळ्यात एखादा दिवस काढून हे काम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, आणि आपल्या शेतातील व बांधावरील पाचोळ्याचे काय करावयाचे याचा विचार त्या अनुभवाच्या आधारे करावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

कोठे व केव्हा पाहावे

कुजण्याची क्रिया पाहण्यास देवराईसारखे दुसरे ठिकाण नाही. पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हापासून त्यांचे महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानी आले. अनेक देवरायांत हिरवे झाड तोडण्यास तर मनाई असतेच, पण पडलेले वाळके लाकूडही घरी नेत नाहीत. त्यामुळे उन्मळून पडलेले झाड अगदी मातीशी एकरूप होईपर्यंतच्या सर्व अवस्था एका फेरीत पाहावयास मिळतात. इतर रानांत सरपणासाठी लाकूड उचलले जाते, म्हणून ही साखळी तेथे मध्येच तुटलेली दिसते.

मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून आश्विन संपेपर्यंतचा काळ यासाठी उत्तम. बरोबर एक साधे भिंग, लहान चाकू आणि हातभर लांबीची काठी असावी. पाचोळा उकरण्यास हात घालू नये, काठी वापरावी. त्याखाली फुरसे, घोणस किंवा विंचू असण्याचा संभव असतो. ओंडका उलटावयाचा झाल्यास त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढावी, म्हणजे खालचा प्राणी आपल्यापासून दूर निघून जातो. पाहून झाल्यावर ओंडका पूर्ववत ठेवावा. देवराईतील वा अभयारण्यातील कोणतीही वस्तू बरोबर आणू नये, आणि जेथे वनखात्याची परवानगी आवश्यक असेल तेथे ती आधी घ्यावी.

पाचोळ्याचे थर

एखाद्या जुन्या झाडाखाली हातभर चौरस जागा निवडून पाचोळा काठीने थराथराने बाजूस सारावा. सर्वांत वर या वर्षीची अखंड, कोरडी पाने दिसतील. त्याखालची पाने ओलसर, डागाळलेली व एकमेकांना चिकटलेली असतात. ती अलग केली की त्यांच्यामध्ये पांढऱ्या सुतासारखे तंतू पसरलेले दिसतात. ते बुरशीचे तंतू होत. आपण जिला भूछत्र म्हणतो ती या बुरशीची केवळ फळधारणा असून, तिचे खरे शरीर म्हणजे हे तंतूंचे जाळे होय. तंतूंतून पाचक रस स्रवतात, पानातील घटक विरघळतात आणि ते बुरशी शोषून घेते.

आणखी खाली पानांचा मऊ भाग नाहीसा होऊन केवळ शिरांची जाळी राहिलेली आढळते. असे का होते हे समजून घेणे अगत्याचे आहे. पानातील साखर व पिष्ट हे पदार्थ जंतू व बुरशी प्रथम संपवितात. त्यानंतर सेल्युलोजची पाळी येते. शिरांना व लाकडाला कठीणपणा देणारा लिग्निन हा पदार्थ सर्वांत चिवट. तो शेवटपर्यंत टिकतो. म्हणूनच पांगारा, उंबर, गिरिपुष्प यांची कोवळी पाने लवकर कुजतात, तर आंबा, फणस, काजू यांच्या जाड व चिवट पानांना फार वेळ लागतो.

तळाशी पान ओळखूच येत नाही. तेथे काळसर, भुसभुशीत, ओलावा धरून ठेवणारा थर असतो. हाच ह्यूमस. मूठभर उचलून हुंगला असता पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. हा वास मातीतील ॲक्टिनोमायसीट गटातील जंतू तयार करीत असलेल्या जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो. चांगल्या मुरलेल्या खतालाही हाच वास येतो आणि खत तयार झाल्याची ती खूण मानावी. ज्या खताला आंबूस किंवा सडका वास येतो, ते हवेवाचून कुजलेले असते.

पडलेल्या झाडाची गोष्ट

पानाला जे काही महिन्यांत घडते ते ओंडक्याला घडण्यास अनेक वर्षे लागतात. पडलेल्या खोडात चाकूचे टोक घालून पाहावे. नव्या ओंडक्यात ते शिरत नाही. जुन्यात मुठीपर्यंत सहज जाते. लाकूड कुजण्याचे दोन प्रकार साध्या डोळ्यांनी ओळखता येतात. काही ठिकाणी लाकूड पांढुरके, मऊ व तंतुमय झालेले असते. तेथील बुरशी लिग्निनदेखील पचविते. दुसऱ्या ठिकाणी लाकूड तपकिरी होऊन त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात व चौकोनी ठोकळे सुटतात. बोटांनी दाबल्यास त्यांचा भुगा होतो. तेथे सेल्युलोज खाल्ले गेले असून लिग्निन मागे उरलेले असते. सृष्टीत लिग्निन पुरतेपणी पचविणारे जीव थोडे आहेत; पांढऱ्या कुजीच्या बुरशा त्यांत अग्रगण्य होत.

खोडावर फळ्यांसारख्या बाहेर आलेल्या कठीण छत्र्या, मानवी कानासारख्या लुसलुशीत तपकिरी पाळ्या, पंख्यासारख्या चिमुकल्या पांढऱ्या बुरशा असे नाना प्रकार पावसाळ्यात दिसतात. कोठे सालीवर हिरवट भुकटीचे ठिपके असतात. पिकांच्या मर रोगावर आपण जी ट्रायकोडर्मा बुरशी वापरतो, ती अशाच कुजक्या लाकडावर व मातीत निसर्गतः राहणारी आहे. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात काही कुजकी लाकडे रात्री फिकट हिरव्या प्रकाशाने उजळतात. अज्ञ जन यास भुताटकी म्हणत. वास्तविक तो प्रकाश लाकूड कुजविणाऱ्या काही बुरशांच्या शरीरातील रासायनिक क्रियेतून उत्पन्न होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मेलेल्या लाकडावरील बुरशी उपकारक असते. परंतु जिवंत माडाच्या वा पोफळीच्या बुंध्याशी लाकडासारखी कठीण, तपकिरी छत्री उगवलेली दिसली, तर ती गॅनोडर्मा बुरशीच्या रोगाची खूण असण्याचा संभव असतो. अशा वेळी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या तज्ज्ञांस त्वरित दाखवावे.

वाळवी, वाणी आणि गांडूळ

बुरशीच्या जोडीला कीटक व इतर प्राणी राबत असतात. ते पाने व लाकूड कुरतडून बारीक करतात, आणि जितका तुकडा बारीक तितके जंतूंना काम सोपे होते.

वाळवीचे नाव काढताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. रानातील वाळवी मात्र मुख्यतः मेलेले लाकूड व पाचोळाच खाते. वारुळे बांधणाऱ्या आपल्याकडील वाळव्या तर एक प्रकारची शेतीच करतात. चघळलेल्या वनस्पतींचे स्पंजासारखे पोळे त्या वारुळात रचतात, त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढू देतात आणि मग ते अन्न खातात. पावसाळ्यात वारुळावर किंवा त्याच्या आसपास उगवणारी पांढरी, लांब दांड्याची अळंबी ही याच बुरशीची फळे होत. गोव्यात वारुळाला रोण म्हणतात व तिला रोणाची अळमी हे नाव आहे. ही अळंबी चविष्ट असली तरी तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी जातीही असतात. चांदीचे नाणे काळे पडते काय, लसूण रंग बदलते काय, अशा परीक्षांवर मुळीच विसंबू नये. ज्याला खात्रीची ओळख नाही त्याने रानातील अळंबी खाऊ नये.

ओल्या पाचोळ्यात काळा-तांबूस, असंख्य पायांचा प्राणी हळूहळू चालताना दिसतो. डिवचले असता तो वेटोळे करतो, म्हणून त्याला पैसा म्हणतात. वाणी हेही त्याचेच नाव. रानात तो कुजकी पाने खाऊन त्यांचे बारीक लेंडीखत करतो. विदर्भ-मराठवाड्यात काही वर्षी हाच वाणी कपाशी व सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर पडल्याच्या तक्रारी आल्या आहेत. तात्पर्य, रानात उपयुक्त असलेला जीव शेतात सर्वकाळ मित्रच राहील असे नाही.

गांडुळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा अंदाज त्यांनी त्यात मांडला. आपल्या रानात सकाळी पाचोळ्याखाली ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांच्या ढिगल्या दिसतात, ती गांडुळांची विष्ठा होय. भोवतालच्या मातीपेक्षा तीत पिकांना सहज मिळणारी अन्नद्रव्ये अधिक असतात. आपल्या शेतात अशा ढिगल्या किती दिसतात हे प्रत्येकाने मोजून पाहावे.

कुजण्यास काय लागते

रानातील या पाहणीवरून चार गोष्टी ध्यानात येतात. कुजविणाऱ्या जीवांना ओलावा, हवा, ऊब आणि नत्र हवे. पैकी नत्राचा मुद्दा नीट समजला नाही तर नुकसान होते.

जंतूंच्या शरीरात सुमारे ८ ते १० भाग कर्बाला १ भाग नत्र असते. वाळलेल्या पानांत हे प्रमाण साधारणतः ५० भागांना १ किंवा त्याहून अधिक, भाताच्या व गव्हाच्या काडात आणखी जास्त, आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांना १ असते. शेणात ते २० ते २५ भागांना १ च्या आसपास असते. म्हणून नुसते वाळके काड जमिनीत गाडून लगेच पीक पेरले, तर जंतू आपली नत्राची भूक मातीतून भागवितात आणि पीक पिवळे पडते. पाचोळा व शेण योग्य प्रमाणात मिसळून ३० भाग कर्बास १ भाग नत्र असे मिश्रण साधल्यास कुजणे वेगाने होते.

जाळल्याने काय जाते

ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी या जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल जुनी आहे. ऐन, किंजळ यांच्या फांद्या तोडून त्यांची कवळ, शेण, गवत व पातेरा जमिनीवर पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि पावसापूर्वी भाजतात. ही चाल केवळ अडाणीपणाची आहे असे समजणे चूक ठरेल. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी राबाच्या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला होता. उष्णतेने तणांचे बी मरते, मातीतील काही अन्नद्रव्ये रोपांना लवकर मिळतात, राखेतून पालाश मिळते आणि रोपे जोमदार निघतात. शिवाय चैत्र-वैशाखात कोकणात पिण्यासही पाणी दुर्मिळ असते. खताचा ढीग भिजविण्यास ते आणावे कोठून, हाही प्रश्न खराच आहे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. पाचोळा जळताना त्यातील कर्ब व नत्र यांचा बहुतेक भाग वायुरूपाने निघून जातो. स्फुरद, पालाश व चुना राखेत उरतात, पण उतारावरील राख पहिल्या जोराच्या सरीबरोबर वाहून जाते. वाळलेल्या पानांत नत्र शेकडा १ धरले, तर एक टन पाचोळ्यात १० किलो नत्र असते. युरियात नत्र शेकडा ४६ असल्याने हे सुमारे २२ किलो युरियाएवढे, म्हणजे ४५ किलोच्या गोणीचा जवळजवळ अर्धा भाग झाले. ज्याने बांधावरील टनभर पाचोळा पेटविला, त्याने ती अर्धी गोणी धुरात सोडली. कर्ब गेला त्याचा हिशेब तर गोणीने करताच येत नाही. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब शेकडा ०.५० पेक्षा कमी आल्यास जमीन कमी कर्बाची व ०.७५ पेक्षा अधिक आल्यास भरपूर कर्बाची समजतात. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील हा आकडा प्रत्येकाने अवश्य पाहावा.

उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, गव्हाचे काड आणि डोंगरावरील वणवा यांनाही हाच न्याय लागू आहे.

शेतात काय करावे

रानाकडे शिक्षक म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. इंदूर येथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत सिद्ध केली आणि १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९४० च्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी अरण्याची रीत हाच शेतीचा आदर्श म्हणून मांडला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी याच तत्त्वावर आहे. तिच्या भिंतींत सोडलेली छिद्रे आतील जंतूंना हवा मिळावी म्हणून असतात.

कोकणातील शेतकऱ्याने पुढील क्रम ठेवावा. फाल्गुन-चैत्रात घराभोवतालचा, बागेतील व बांधावरील पाचोळा गोळा करून सावलीत रचून ठेवावा व वाऱ्याने उडू नये म्हणून वर फांद्या वा दगड ठेवावेत. जंगलातील किंवा देवराईतील पाचोळा आणू नये. ते त्या झाडांचे अन्न आहे. पहिला पाऊस पडताच उंचवट्यावर दोन मीटर रुंद ढीग रचावा. वीतभर पाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, असे थर सव्वा ते दीड मीटर उंचीपर्यंत द्यावेत. अतिवृष्टीच्या भागात खड्डा करू नये, कारण त्यात पाणी साचून हवा कोंडते. ढिगावर गवताचे छप्पर असावे, नाहीतर अन्नद्रव्ये झिरपून जातात. मूठभर माल दाबला असता हात ओला व्हावा, पाणी गळू नये, एवढी ओल पुरे. पंधरा-वीस दिवसांनी पहिली व त्यानंतर महिन्याने दुसरी पलटी द्यावी. नरम पाचोळ्याचे खत तीन-चार महिन्यांत, आंबा-काजूच्या पानांचे त्याहून उशिरा तयार होते.

रोपवाटिकेसाठी राबाऐवजी हे खत वापरावे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तुसात सिलिका विपुल असल्याने ते कुजण्यास फार कठीण असते, म्हणून त्यास हा अपवाद. याच पद्धतीत बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला गुंठ्यास सुमारे ३० किलो या प्रमाणात लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात व पुढील पिकासाठी नांगरट करीत नाहीत. रानात मेलेल्या मुळांचे जे होते, तेच येथे खाचरात घडते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. अर्धे कुजलेले खत शेतात टाकू नये. त्यातून हुमणीचा व वाळवीचा उपद्रव वाढतो. नारळाच्या बागेजवळ उघडे उकिरडे व पडलेले माडाचे ओंडके ठेवू नयेत, कारण गेंड्या भुंगा त्यांतच अंडी घालतो. ढीग पालटताना बोटाएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्यास वेचून नष्ट कराव्यात.

एक सोपा प्रयोग

हे सर्व स्वतः पडताळून पाहावयाचे असल्यास शाळकरी मुलांच्या मदतीने एक प्रयोग करता येईल. नायलॉनच्या जाळीच्या वीतभर पिशव्या शिवाव्यात. निम्म्यांची जाळी मच्छरदाणीहूनही बारीक असावी. निम्म्यांची वाणी व गांडूळ आत शिरेल इतकी मोठी असावी. प्रत्येक पिशवीत त्याच झाडाची वाळलेली २० ग्रॅम पाने भरावी. मृगात काही पिशव्या झाडांच्या सावलीत पाचोळ्याखाली आणि काही उघड्या शेतात मातीवर ठेवून खुंटीने पक्क्या कराव्यात. दर महिन्यास प्रत्येक प्रकारची एक पिशवी उचलावी, माती झटकून पाने उन्हात खडखडीत वाळवावी व वजन करून वहीत लिहावे. वजनातील घट म्हणजे कुजण्याचा वेग. बारीक व मोठ्या जाळीतील फरकावरून किड्या-गांडुळांचा वाटा कळेल, आणि सावलीतील व उघड्या जागेतील फरकावरून आपल्या शेतात या राबत्या हातांची किती वाण आहे हे समजेल. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून हा प्रयोग केल्यास आपापले आकडे ताडून पाहता येतील. ते आकडे येत्या फाल्गुनात पाचोळ्याला काडी लावण्यापूर्वी समोर ठेवावेत.